चिऊकाऊची गाणी आणि विज्ञानाचा ओनामा



आजच्या व्याख्यानाचा फलक लागल्यापासून आमच्या स्नेह्यांनी आम्हांला रस्त्यात अडवून एकच प्रश्न विचारला आहे. तुम्ही कामगार चळवळीतले. तुम्ही बोनसवर बोला, किमान वेतनावर बोला, नव्या कामगार संहितांवर बोला. चिमणीकावळ्यांच्या गाण्यांशी तुमचा काय संबंध? प्रश्न रास्त आहे. तो विचारणाऱ्यांत दोन शिक्षकही होते, म्हणून उत्तर आधीच देऊन टाकतो.

कामगाराचे मूल सहाव्या वर्षी शाळेत जाते. तेथे पहिली दोन वर्षे त्याच्या मनाला जे वळण लागते, ते पुढे फार दूरवर पुरते. आमच्याकडे वीस-पंचवीस वर्षांची धडधाकट माणसे येतात आणि म्हणतात, साहेबांनी कागद पुढे केला, आम्ही सही केली. वाचलात का? नाही. वाचता येते का? येते. मग? ह्या ‘मग’ला उत्तर नसते. वाचता येणे निराळे, आणि समोर आलेले विधान खरे की खोटे हे आपण स्वतः तपासू शकतो असा भरवसा असणे निराळे. हा भरवसा सभेत भाषण करून देता येत नाही. तीस वर्षे आम्ही तेच करीत आलो आहोत, म्हणून हे सांगतो. तो फार लहानपणी द्यावा लागतो. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, इंग्रजी शाळा लागत नाही, शिकवणी लागत नाही. जे साधन लागते ते प्रत्येक मराठी घरात फुकट पडलेले आहे. ते म्हणजे प्राण्यापाखरांची गाणी.

आज ह्या गाण्यांचे शाळेत काय होते ते पाहा. बाई गाणे सुरू करतात, चाळीस मुले हातांचे पंख करून फडफडवतात, कोणी बेडूक होऊन उडी मारतो, टाळ्या होतात, तास संपतो. चांगले आहे, मुलांना आनंद होतो, जीभ वळते. पुढे तिसरीत ‘परिसर अभ्यास’ सुरू होतो आणि ‘सजीवांची लक्षणे’ पाठ करण्याचा प्रसंग येतो. तोवर गाण्यातली चिमणी मागे राहून गेलेली असते आणि धड्यात ‘पक्षी’ नावाचा एक परका प्राणी येऊन बसलेला असतो. ह्या दोघांची ओळख मुलाला कोणी करून देत नाही. गाणे म्हणजे गंमत आणि विज्ञान म्हणजे पाठांतर, अशी वाटणी सातव्या वर्षी होऊन जाते ती बहुधा जन्मभर टिकते.

एक गोष्ट आधीच साफ केली पाहिजे. अलीकडे ‘विज्ञानगीते’ नावाचा प्रकार निघाला आहे. पाण्याच्या तीन अवस्था, झाडाचे चार भाग, सगळे यमकांत बसवलेले. साखरेत घोळलेल्या क्विनाइनच्या गोळीसारखा हा प्रकार आहे. मूल साखर चाटते आणि गोळी थुंकून टाकते, आणि मुलाचे काही चुकत नाही. आम्ही त्याबद्दल बोलत नाही. आमचे म्हणणे असे, की कवीने कविता म्हणून लिहिलेली खरी कविता घ्यावी, आजीच्या तोंडची जुनी गाणी घ्यावीत. विंदा करंदीकरांसारखा ज्ञानपीठाचा मानकरी कवी ‘राणीची बाग’ नावाचा संग्रह मुलांसाठी लिहितो, तेव्हा तो मुलांना कमी लेखून लिहीत नाही. अशी कविता पहिल्या दिवशी नुसती म्हणावी, नाचावी, हसावी. त्या दिवशी एकही प्रश्न विचारू नये. दुसऱ्या दिवशी फरशीवर खडूने तीन वर्तुळे काढावीत.

पहिल्या वर्तुळाचे नाव ‘खरे’, दुसऱ्याचे ‘गंमत’, आणि तिसऱ्याचे ‘पाहून सांगू’. गाण्यात प्राण्याबद्दल जे जे सांगितले असेल, त्यातील एकेक गोष्ट मुलांनी उचलून कोणत्या तरी एका वर्तुळात टाकायची. आम्ही दुसऱ्या वर्तुळाला मुद्दाम ‘खोटे’ म्हणत नाही. मांजराने टोपी घातली असे गाण्यात असेल, तर कवी खोटे बोलला असे सहा वर्षांचे मूलही मानत नाही; तो खेळतो आहे हे त्याला पक्के ठाऊक असते. मांजराला मिशा असतात, हे मूल ‘खरे’त टाकते. आणि मांजराला अंधारात दिसते, हे? येथे वर्गात भांडण लागते. अर्धी मुले इकडे, अर्धी तिकडे. ते वाक्य तिसऱ्या वर्तुळात गेले, की त्या दिवसाचे काम झाले असे समजावे. पहिली दोन वर्तुळे मुलाला आधीच माहीत असलेले सांगतात. विज्ञान तिसऱ्यापासून सुरू होते.

आमच्या संघटनेच्या कचेरीत रविवारी सकाळी कामगारांच्या मुलांचा एक वर्ग चालतो. तेथे हे आम्ही करून पाहिले आहे, म्हणून दोन-चार उदाहरणे देतो.

चिमणीचे घर मेणाचे आणि कावळ्याचे शेणाचे, ही गोष्ट तुम्हां सर्वांना येते. ती म्हटली तर गोष्ट आहे, म्हटले तर गाणे. तेराव्या शतकातल्या ‘लीळाचरित्रा’तही ती आहे, तेथे चिमणीच्या जागी साळई आहे एवढेच. म्हणजे सातशे वर्षे मराठी मुले हे विधान ऐकत आली, की पावसात शेणाचे घर वाहून जाते आणि मेणाचे राहते. आम्ही विचारले, हे कोणत्या वर्तुळात? एकमताने ‘पाहून सांगू’. मुलांनी शेणाचे एक खोपटे केले, मेणबत्त्या वितळवून मेणाचे एक केले. डब्याच्या झाकणाला खिळ्याने भोके पाडून पाऊस तयार केला. शेणाचे खोपटे पाचसहा तांब्यांत खचले, मेणावरून पाणी निथळून गेले. गोष्ट खरी ठरली. टाळ्या वाजल्या. पण चैत्र संपत आला होता, आणि एका मुलाने दोन्ही घरे तशीच नवी करून कचेरीच्या पत्र्यावर उन्हात ठेवली. दुपारी पाहतो तो मेणाचे छप्पर बसले होते, भिंती वाकल्या होत्या, आणि शेणाचे घर वाळून दगडासारखे झाले होते. तो मुलगा म्हणाला, ‘‘म्हणजे उन्हाळ्यात चिऊनं काऊच्या दारात जायचं.’’ पदार्थाला पाणी लागले तर काय होते आणि ऊष्णता लागली तर काय होते, हा सारा धडा त्या एका वाक्यात आला. आणि कथेचे काही बिघडले नाही, उलट तिला दुसरा अंक मिळाला.

पुढच्या रविवारी मुले खरी घरटी पाहून आली. चिमणीचे वीजमीटरच्या पेटीमागे, गवत, पिसे आणि मागावरचे तुटके सूत भरून केलेले. कावळ्याचे काटक्यांचे आणि तारांचे. मेण कोठे नाही, शेण कोठे नाही. ‘चिमणी दाणे खाते’ हे मुलांनी आधी डोळे झाकून ‘खरे’त टाकले होते. एक मुलगी मीटरच्या पेटीसमोर तासभर बसली आणि सांगत आली, की चिमणी पिलाला अळी भरवते. ते तसेच असते. मोठी चिमणी धान्य खाते, पण पिलांना वाढण्यासाठी किडे-अळ्या लागतात. आणि शहरांत चिमण्या कमी होण्याचे एक कारण हे किडे मिळेनासे होणे, हेही समजले जाते. २०१० सालापासून २० मार्चला चिमणी दिवस पाळतात. आपल्याकडे त्या दिवशी शाळांतून चिमण्यांची चित्रे रंगवतात. त्यापेक्षा एक तास मीटरच्या पेटीसमोर बसवावे.

आता मुंगी. मुंगीची गाणी मालकवर्गाला फार आवडतात असे आमचे जुने निरीक्षण आहे. मुंगी राबते, साठवते, तक्रार करीत नाही. टोळ गातो आणि उपाशी मरतो. आम्ही मुलांना हे गाणे म्हणू देतो आणि मग मुंग्यांच्या रांगेपाशी नेऊन बसवतो. रांगेत एका ठिकाणी ओल्या फडक्याने बोटभर जागा पुसून टाकली, की मुंग्या तेथे येऊन थबकतात, गोंधळतात, इकडे तिकडे हुंगतात आणि काही वेळाने वाट पुन्हा जुळते. मुलांना कळते की मुंगी डोळ्यांनी वाट पाहत नाही, वासाने धरते. मागच्या मुंगीसाठी पुढची मुंगी जमिनीवर वास ठेवून जाते. पाय मोजले की सहा भरतात. शेजारच्या कोळ्याचे मोजले की आठ. तेव्हा कोळी हा मुंगीचा भाऊबंद नव्हे हे वर्गीकरण मुलांनी स्वतःच केलेले असते. राणी मुंगी कोणाला हुकूम सोडीत नाही, ती फक्त अंडी घालते. राबणाऱ्या मुंग्या झाडून साऱ्या माद्या. आणि ज्यांनी वारुळे तासन्‌तास पाहिली त्या संशोधकांना असे आढळले आहे, की बऱ्याच जातींत पुष्कळशा कामकरी मुंग्या पुष्कळ वेळ काहीच न करता उभ्या असतात. ह्या शोधाचा उपयोग आम्ही अद्याप वाटाघाटींत केलेला नाही.

ज्या एका पाखराने आम्हांला ह्या विषयाच्या नादी लावले, त्याच्याकडे आता वळतो. ते पाखरू सुगरण.

आम्ही मागवाल्यांच्या वस्तीत वाढलो. विणकराला विणकराचे कौतुक असायचेच. बहिणाबाई चौधरींची खोप्यावरची कविता आपल्या सर्वांच्या कानांवर आहे. बहिणाबाई १८८० साली जन्मल्या, १९५१ साली वारल्या, शाळेत एक दिवसही गेल्या नाहीत. पुढच्या वर्षी त्यांची गाणी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आली. ही कविता मुलांसाठी म्हणून रचलेली नाही, पण शाळांनी ती आपली करून घेतली आणि ते योग्यच झाले. त्या कवितेत काय काय पाहिलेले आहे ते मुलांबरोबर मोजले, तेव्हा आम्ही थक्क झालो. खोपा टांगलेला असतो, हे पाहिले. तो झाडाला झुलतो, हे पाहिले. एवढे विणकाम करणाऱ्या जिवाला हात नाहीत, बोटे नाहीत, चोच हेच एक हत्यार आहे, हेही पाहिले. हे सगळे ‘खरे’ वर्तुळात गेले. कितीतरी शिकलेल्या माणसांनी खोपा जन्मात दहा वेळा पाहिलेला असतो आणि ह्यातली एकही गोष्ट त्यांनी पाहिलेली नसते.

मग प्रश्न आला: हा खोपा विणतो कोण? कवितेत ती विणते, पिलांसाठी, आई म्हणून. मुले म्हणाली, ‘‘खरे.’’ आम्ही म्हणालो, ‘‘ठेवा तिसऱ्यात.’’ आषाढात आम्ही मुलांना घेऊन नदीकाठच्या एका बाभळीपाशी गेलो. पाण्यावर वाकलेल्या फांद्यांना पंधरावीस खोपे, काही पुरे, काही अर्धे. दुर्बीण एकच, ती हातोहात फिरली. मुलांना दिसले की काम करणाऱ्या पाखरांच्या डोक्यावर पिवळी टोपी आहे. उसाच्या पात्याला चोचीने खाच पाडतात, पाते धरून उडतात, आणि उडता उडता पात्याची लांब पट्टी सोलून निघते. ती घेऊन येतात, फांदीला वेढे देतात, फास घालतात, गाठ मारतात. टोपी नसलेली मळकट पाखरे अधूनमधून येतात, अर्ध्या खोप्याच्या आत शिरतात, चोचीने खेचून पाहतात आणि निघून जातात. मुलांनी ठरवले, पिवळे कामगार आणि मळकट मुकादम.

मुकादम म्हणजे मादी. पिवळा तो नर. विणकाम नराचे. अर्ध्यापर्यंत खोपा विणून तो माद्यांना बोलावतो. एखादीने पसंत केला तर तो पुरा करतो, खाली ती लांब नळी जोडतो. मादी आतले थोडेफार नीट करते, अंडी घालते आणि एकटी उबवते. नर तोवर दुसऱ्या खोप्याला लागलेला असतो, दुसऱ्या मादीसाठी. जो खोपा कोणीच पसंत केला नाही तो तसाच लोंबत राहतो.

हे सारे पहिल्यांदा बारकाईने ज्यांनी पाहून मांडले, ते सालिम अली. त्याची हकीकत आमच्या लोकांना आम्ही नेहमी सांगतो. मुंबईच्या एका संग्रहालयातली त्यांची जागा पैशाअभावी रद्द झाली. हातात नोकरी नाही. ते अलिबागजवळ किहीमला पत्नीच्या माहेरच्या घरी जाऊन राहिले. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. १९३० च्या पावसाळ्यात ते महिनोन्‌महिने त्या खोप्यांसमोर बसून राहिले, कोणते पाखरू केव्हा काय करते ते टिपून घेत. आणि नर एकामागून एक खोपे बांधून एकाहून अधिक माद्यांशी संसार मांडतो, हे त्यांनी जगाला सांगितले. बेकारीचा इतका चांगला उपयोग केलेला माणूस आमच्या पाहण्यात दुसरा नाही.

आता कोणी विचारील, मग बहिणाबाई चुकल्या म्हणायचे काय? आमच्या वर्गात हे विचारले गेले. एका मुलीने उत्तर दिले, ‘‘त्यांनी खोपा पाहिला, पण पाखराची टोपी नाही पाहिली.’’ आम्हांला ह्याहून चांगले सांगता येणार नाही. कवितेतली माया खोटी नाही. अंडी उबवणारी आणि पिलांची काळजी वाहणारी मुख्यतः मादीच. आणि थोडा दोष आपल्या भाषेकडेही जातो. सुगरण हा शब्दच स्त्रीलिंगी. ज्याने प्रथम पाखराला हे नाव दिले, त्याने चांगले घर बांधणारी ती बाईच, असे धरून दिले. अशीच गत कोकिळेची. बाहेर ह्या क्षणी चिंचेवर जो ओरडतो आहे तो काळाभोर, लाल डोळ्यांचा नर आहे. मादी तपकिरी, ठिपक्याठिपक्यांची, आणि तिला तसले गाणे येत नाही. ती चोरासारखी कावळ्याच्या घरट्यात अंडे टाकून पसार होते. तरी गाण्यांत गाते ती कोकिळाच, आणि उत्तम गायिकेला आपण गानकोकिळा म्हणतो. म्हणू द्यावे. पण सात वर्षांच्या मुलाला एकदा कळले की भाषा आपल्या आधीच काही गोष्टी ठरवून बसलेली असते आणि त्याही पाहून घ्याव्या लागतात, तर ते पुढे वर्तमानपत्रही निराळ्या डोळ्यांनी वाचील.

येथवर सारे गोड झाले. आता एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ‘गाण्यातले काही तपासले नाही तर बिघडले काय’ असे म्हणणारेही ह्या सभागृहात असतील, आणि सुगरणीपुरते त्यांचे बरोबर आहे. तिचा नर विणतो की मादी ह्यावाचून कोणाचे अडत नाही.

सापाची गाणी घ्या. गाण्यातला साप म्हणजे नाग. तो फणा काढतो, पुंगीवर डोलतो, दूध पितो. फणा, हे खरे. पुंगीवर डोलणे: नागाला बाहेरचा कान नाही, तो सुरावर डोलत नाही, पुंगी जिकडे हलते तिकडे तोंड ठेवतो. दूध हे त्याचे अन्न नव्हे. ते त्याला पचत नाही, आणि गारुड्याने कित्येक दिवस तहानेला ठेवलेला नाग समोर येईल ते पितो, ते पाणी म्हणून. हे झाले गाण्यात असलेल्याबद्दल. गाण्यात नसलेले अधिक घातक आहे. आपल्याकडे माणसे प्रामुख्याने चार सापांच्या दंशाने मरतात: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. ह्या चौघांपैकी गाणे एकट्या नागाला लाभले. बाकी तिघांना फणा नाही. म्हणून फणा नाही तो बिनविषारी, असे मानणारी मोठी माणसे आम्ही पाहिली आहेत.

आमच्या सभासदांपैकी एक तरुण पावसाळ्यात जमिनीवर निजला होता. पहाटे पोटात दुखू लागले, पापण्या जड होऊ लागल्या. अंगावर धड खूण नाही, साप कोणी पाहिला नाही. मण्यारीचा दंश असाच असतो. रात्री निजलेल्या माणसाला होतो आणि पुष्कळदा दुखतसुद्धा नाही. घरच्यांनी प्रथम देवस्थानी नेले, तेथे दोन तास गेले. चारही सापांवर चालणारे प्रतिविष सरकारी रुग्णालयात होते. ते त्याला मिळेपर्यंत उशीर झाला. २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. ही माणसे बहुतेक खेड्यांतली, शेतांवर राबणारी, जमिनीवर निजणारी. त्यांतली पुष्कळशी शाळेत गेलेली असणार, आणि सापाची गाणी त्यांना येत असणार.

म्हणून सापाचे गाणे वर्गात आले, की तीन वर्तुळांचा खेळ आम्ही सोडीत नाही. फक्त येथे ‘पाहून सांगू’ म्हणजे साप शोधायला जाणे नव्हे. येथे चित्रे पाहावयाची, सर्पमित्राला विचारावयाचे, रुग्णालयातल्या परिचारिकेला विचारावयाचे. दुसऱ्याला विचारून ठरवणे हेही ठरवणेच आहे. मात्र कोणाला विचारायचे, आणि त्याला ते कसे कळले असेल, हेही मुलांनी विचारले पाहिजे. आमच्या वर्गातली मुले नागपंचमीला घरी जाऊन चार सापांची नावे सांगतात. आईबाप आधी रागावतात, मग ऐकतात.

आता आक्षेपांकडे. कवींचा आक्षेप असा, की तुम्ही कवितेला तपासनिसाच्या हवाली करता. ह्याचे उत्तर आम्ही मघाशी दिले: पहिला दिवस कवितेचा, आणि दुसऱ्या वर्तुळाचे नाव ‘गंमत’. जी कविता दुसऱ्या दिवसानंतर मुलांना नकोशी होते ती पहिल्या दिवशीही फारशी चांगली नव्हती, असा आमचा अनुभव आहे. बहिणाबाईंची कविता मुलांनी बाभळीवरून परत येताना टेम्पोत सात वेळा म्हटली.

शिक्षकांचा आक्षेप अधिक जड आहे. वर्गात मुले भरमसाट. कायद्याने प्राथमिक शाळेत तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे, पण कायदा आणि वर्ग ह्यांतले अंतर आम्हां कामगार मंडळींना नवीन नाही. शिवाय माहित्या भरा, तक्ते भरा, निवडणुकीची कामे करा. ह्या तक्रारीत शिक्षकाच्या बाजूने आम्ही केव्हाही उभे राहू. परंतु तीन वर्तुळांना खडू लागतो, आणि मुंग्यांच्या रांगेला शाळेची भिंत. अधिकाऱ्याची परवानगी लागते ती नदीकाठी नेण्यापुरती. त्या परवानगीसाठी संघटनेचे लेटरहेड लागले तर आमच्या कचेरीतून घेऊन जावे.

आणि हे आम्हीच शोधून काढले असेही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर जे काम केले, ते येथल्या जुन्या मंडळींना ठाऊक असेल. तेथली वारली मुले गुरे राखायला जात, शाळेत येत नसत. तेव्हा शाळाच कुरणात गेली. तिचे नाव ‘कुरणशाळा’. ज्या मुलाला प्रत्येक पाखराचा आवाज येतो, कोणती गाय केव्हा विणार ते कळते, त्याच्यापुढे भिंतीवरचा तक्ता टांगून गाईला चार पाय असतात असे सांगणे, हा त्या मुलाचा अपमान आहे, हे त्या दोघींनी ओळखले. आमची शहरातली मुले तेवढी भाग्यवान नाहीत. पण चाळीतल्या मुलालाही पाल, झुरळ, कबुतर, कावळा, मांजर एवढी मंडळी घरपोच मिळतात. त्यांची गाणी मराठीत आहेत, आणि पालीचे नसेल तर ते मुलांना करू द्यावे.

आपल्या राज्यघटनेत १९७६ साली नागरिकांची मूलभूत कर्तव्ये घातली गेली. त्यांत वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधक बुद्धी ह्यांचा विकास करणे हे एक आहे. सभांतून ह्या कलमाचा उच्चार आम्ही अनेकदा ऐकला. पण ते सहा वर्षांच्या मुलापर्यंत कोणत्या रस्त्याने पोचवायचे, हे सांगणारे थोडे.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे, तेव्हा एक कामाची गोष्ट सांगून थांबतो. व्यासपीठाच्या डाव्या अंगाला टेबलावर दोन खोपे ठेवले आहेत. दोन्ही गेल्या थंडीत वाऱ्याने खाली पडलेले. झाडावरचा कोणताही काढू नये, कायद्यानेही काढता येत नाही. सोडलेला आहे असे वाटले तरी नाही. एक पुरा आहे, एक अर्धा. अर्ध्यात बोट घालून पाहा, आतल्या बाजूला वाळलेल्या चिखलाचे गोळे हाताला लागतील. हे तिथे कशासाठी, ह्यावर आपल्या लोकांचे म्हणणे असे, की सुगरण त्यांत काजवे चिकटवून घरात दिवा लावते. काजवे कोणाला सापडलेले नाहीत. काही शास्त्रज्ञ म्हणतात, वाऱ्यात खोपा फार हेलकावू नये म्हणून ते वजन. पण सर्वांचे त्यावर एकमत नाही. आमच्या मुलांनी एका खोप्यात ओली माती लावून आणि दुसरा तसाच ठेवून दोन्ही टेबलपंख्यासमोर टांगले. मातीचा कमी हलला. मुले ओरडली, ‘‘वजनच!’’ तेव्हा मघाची तीच मुलगी म्हणाली, ‘‘माती लावली की कमी हलतो, एवढंच कळलं. त्याच्यासाठीच लावते, हे कुठे कळलं?’’ ते वाक्य आमच्या कचेरीच्या फरशीवर अजून तिसऱ्या वर्तुळात आहे. खोपे जाताना जरूर पाहावे, मुलांना हात लावू द्यावा. मात्र नळीकडून धरू नये, ती लवकर सुटते.